एका बीचा हिशेब : चेरीचे साधन निवडतानाचे एक प्रकरण

माझी थोरली बहीण पुण्यात घरच्या स्वयंपाकघरातून जॅम, मुरंबे आणि फळांचे सॉस करून विकते. व्याप लहानच आहे : एक ओटा, तीन शेगड्या, मदतीला रंजनाकाकू आणि हंगामात हिशेबाला व यंत्रांच्या डागडुजीला मी. मे महिन्याच्या उत्तरार्धात मार्केट यार्डात काश्मीरची चेरी दिसू लागते आणि जुलैच्या मध्यापर्यंत ती संपते. गेल्या वर्षी ताईने प्रथमच चेरीचा जॅम करायला घेतला. आठ किलो फळ आणले, बिया काढण्यासाठी ऑनलाइन मागवलेले दांडा दाबायचे यंत्र वापरले आणि दोन दिवसांत 250 ग्रॅमच्या 36 बाटल्या भरल्या. तिसऱ्या आठवड्यात एका ग्राहक बाईंचा फोन आला. पोळीला लावलेल्या जॅममधून बी दाताखाली आली होती आणि दाढेत भरलेले सिमेंट निघून पडले होते. बाई समंजस होत्या, आवाज चढवला नाही. परंतु ताईने त्या दिवशी उरलेल्या सगळ्या बाटल्या विक्रीतून काढून घेतल्या आणि चाळणीवर ओतून पाहिल्या. अकरा बाटल्यांत मिळून पाच बिया निघाल्या.

पुढच्या हंगामासाठी साधन कोणते घ्यायचे, हा प्रश्न तिथून उभा राहिला. त्याची उकल कशी होत गेली, ते येथे क्रमाने मांडतो. साधने चार, फळ एक आणि स्वयंपाकघरही एकच असल्यामुळे आमचे आकडे सगळ्यांना लागू पडतील असे मी म्हणणार नाही. मात्र साधन कशावरून जोखायचे, यात आमची जी चूक झाली ती बऱ्याच घरांत होत असावी.

नव्याण्णव टक्क्यांचा घोटाळा

ते यंत्र घेताना आम्ही फक्त वेग पाहिला होता. मिनिटाला किती चेऱ्या होतात, एवढाच प्रश्न विचारला. बी राहून जाण्याचा विचार मनात आला नव्हता असे नाही, पण "एखाददुसरी राहिली तर हाताला लागेलच," असे आम्ही तिघांनीही गृहीत धरले होते.

आता हिशेब पाहा. आमच्याकडे आलेली फळे मध्यम आकाराची होती आणि एका किलोत साधारण दीडशे बसत होती. आठ किलोंत बाराशे झाल्या. शंभरातील नव्याण्णव चेऱ्यांची बी अचूक काढणारे साधन कोणालाही उत्तमच वाटेल, पण बाराशे चेऱ्यांमागे ते बारा बिया मागे ठेवते. बाटल्या 36. म्हणजे सरासरीने दर तिसऱ्या बाटलीत एक बी. टोमॅटो चिरताना शंभरात एक फोड वेडीवाकडी झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, परंतु येथे चुकलेली प्रत्येक बी कोणा ना कोणाच्या ताटापर्यंत जाते.

मोठ्या कारखान्यांनाही यातून सुटका नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अन्नातील अटळ दोषांचे जे कोष्टक केले आहे, त्यात बिया काढलेल्या खजुराचीही नोंद आहे. शंभर खजुरांमागे सरासरी दोन किंवा अधिक बिया, अथवा 2 मिलिमीटर वा त्याहून मोठे बियांचे तुकडे सापडले, तर तो माल कारवाईस पात्र ठरतो. याचा अर्थ, त्याखाली काही राहणार हे धरूनच चाललेले आहे. हे वाचून ताईला दिलासा वाटावा अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "कारखान्याला दाढ दाखवायला कोणी येत नाही. माझ्याकडे येतात."

फळाची घडण

साधनाकडे वळण्यापूर्वी फळ पाहणे आवश्यक होते. वनस्पतिशास्त्रात चेरी, जर्दाळू, आलुबुखार, पीच आणि आपला आंबा ही सर्व अश्मगर्भी फळे. वरून पातळ साल, मध्ये गर आणि आत कठीण कवचाची आठळी, तिच्या पोटात खरे बीज. हे कवच गराशी किती घट्ट जडलेले आहे आणि फळाच्या मानाने केवढे आहे, या दोन गोष्टींवर साधनाची सगळी निवड अवलंबून असते. चेरीची बी गोलसर पण किंचित लांबट असते आणि तिची लांबी सहसा देठाच्या रोखाने असते. म्हणून देठाची खळी वर ठेवून सरळ दाब दिला की बी खालच्या टोकातून निघून जाते. तेच फळ आडवे पडले तर दांड्याचे टोक बीच्या गोल बाजूवर घसरते, बी गरातच बाजूला सरकते, दांडा आरपार जातो आणि चेरीला भोक पडलेले दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते. गेल्या वर्षीच्या पाचही बिया अशाच भोक पडलेल्या चेऱ्यांतल्या असणार, याबद्दल मला शंका नाही.

काश्मीरच्या चेरीत जातीही लक्षात घ्याव्या लागतात. मखमली गडद आणि मऊ असते, मिश्री घट्ट आणि गोड. मऊ फळ दांड्याखाली चेपते, रस उडतो आणि बीभोवती गराचा मोठा गोळा निघून जातो. घट्ट फळातून बी स्वच्छ निघते. जॅमला मखमलीचा रंग हवासा वाटतो, हे खरे. परंतु ताईने या वर्षी मिश्री घेतली आणि रंगाशी थोडी तडजोड केली.

चार साधने, एक ओटा

जूनच्या पहिल्या आठवड्यात अडीच किलो मिश्री आणून आम्ही प्रत्येक साधनावर शंभर-शंभर चेऱ्या घेतल्या. चौथ्या साधनासाठी काही कमी पडल्या त्या काकूंनी घरी नेण्यासाठी बाजूला काढलेल्या वाट्यातून घेतल्या, आणि त्यावरून थोडा वादही झाला.

पहिले ते जुनेच यंत्र. वर चेऱ्या ओतायचे पसरट भांडे, खाली उतार, दांडा दाबला की एक चेरी खळग्यात येते, बी खालच्या डब्यात पडते आणि चेरी पुढे घरंगळते. बुडाला रबराची वाटी असते आणि ती ओट्याला चिकटून यंत्र स्थिर राहील अशी कल्पना असते. ती गुळगुळीत ग्रॅनाइटवर चिकटते, पण ताईचा ओटा जुन्या कडप्प्याचा आहे. खडबडीत दगडातून हवा आत शिरते आणि चौथ्या-पाचव्या दाबाला यंत्र उठून येते. गेल्या वर्षी काकूंनी एका हाताने यंत्र धरले होते आणि दुसऱ्या हाताने दांडा दाबला होता, म्हणजे फळाकडे लक्ष द्यायला हात उरलाच नव्हता. या खेपेला आम्ही त्याखाली स्टीलचे गुळगुळीत ताट ठेवले आणि ताट ओल्या फडक्यावर बसवले. यंत्र स्थिर झाले, तरीही शंभरांत सहा बिया राहिल्या. कारण पाहायला मी खाली वाकून खळग्याच्या पातळीवर डोळा आणला. खळगा मोठ्या, एकसारख्या फळांच्या मापाचा होता. आमची चेरी त्यात सैल बसत होती, उतारावरून येताना कलंडत होती, आणि एकदा तर दोन लहान चेऱ्या एकमेकींवर स्वार झाल्या होत्या. यंत्रात बिघाड नव्हता. आमचे फळ त्याच्या मापाचे नव्हते.

दुसरे साधन सहा खळग्यांच्या डब्याचे. सहा चेऱ्या मांडायच्या, सहा दांड्यांचे झाकण दाबायचे. त्याचा एक गुण असा की चेऱ्या आपण हाताने मांडतो, त्यामुळे देठाची खळी वर ठेवता येते. दोष असा की सहाही फळे एका उंचीची नसतात. त्यांतले एखादे लहान निघाले की त्यावर दाब अपुरा पडतो आणि बी अर्धवट बाहेर येऊन लोंबकळते. शंभरांत तीन राहिल्या, त्याही सगळ्या लहान फळांतल्या. ज्यांच्याकडे फळ निवडून, आकार लावून येते त्यांना हे साधन सोयीचे वाटेल.

तिसरे म्हणजे हातात धरायचा चिमटा. याला आपल्याकडे रुळलेले नाव नाही. एका टोकाला भोक असलेली वाटी, वर स्प्रिंगवर चालणारा दांडा, आणि पकड स्टेपलरसारखी. दांड्याचे टोक फुलीच्या आकाराचे असेल तर ते बीवर पक्के बसते. गोल, गुळगुळीत टोक घसरते. दुकानात चिमटा घेताना पाहायची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आणि वेष्टनावरच्या जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचितच असतो. दुसरी गोष्ट धातूची. चेरीचा रस आंबट असतो. साध्या ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग त्याने काळवंडतो, आणि मुलामा दिलेल्या स्वस्त चिमट्याचे पोपडे निघाले तर ते फळात जातात. म्हणून स्टेनलेस स्टीलच घ्यावे. शंभर चेऱ्यांना काकूंना सहा मिनिटे लागली आणि एक बी राहिली. ती कोणत्या चेरीत राहिली हे काकूंना तत्क्षणी कळले. "ताई, ही दाबली तेव्हा टक् झालं नाही बघा," त्या म्हणाल्या. बी कवचासकट भोकातून सुटताना हाताला हलकासा धक्का बसतो. यंत्राच्या लांब दांड्यातून तो पोहोचत नाही, चिमट्यातून पोहोचतो. निवडीचा कौल माझ्या मते तिथेच लागला होता. उरलेली परीक्षा आम्ही केवळ शिस्त म्हणून पार पाडली.

चौथे घरगुती : अरुंद तोंडाची काचेची बाटली आणि बांबूची चॉपस्टिक. बाटलीच्या तोंडावर चेरी ठेवायची, चॉपस्टिकने दाबायची, बी बाटलीत. एकही बी राहिली नाही, कारण डोळ्यांसमोर बी पडताना दिसते. परंतु पन्नासाव्या चेरीनंतर अंगठ्याचे सांधे बोलू लागतात, आणि पिकलेली लहान चेरी कधी सगळीच्या सगळी बाटलीत जाऊन बसते. पाव किलो फळासाठी नवे काही विकत घ्यायची गरज नाही, एवढेच यावरून सांगता येईल. केसांचा आकडा उकळून, त्याचे वळलेले टोक देठाच्या खळीतून आत घालून बी उपसण्याची युक्तीही याच वर्गातली. त्यात फळ अखंड राहते, पण वेळ फार जातो.

पुरणयंत्राचा मोह

याच सुमारास शेजारच्या एक काकू आल्या आणि त्यांनी सरळ विचारले, "एवढं कशाला? शिजवा आणि पुरणयंत्रातून काढा की." सूचना चुकीची नव्हती. पुरणयंत्र हे मराठी घरातले फळ गाळण्याचे उत्तम साधन आहे, आणि टोमॅटोचा सॉस ताई त्यातूनच काढते. म्हणून करून पाहिले. शिजलेल्या चेऱ्यांच्या बिया फिरत्या पात्याखाली येऊन जाळीवर अडकल्या, यंत्र कचकन थांबले, जोर केल्यावर एक बी फुटली आणि कवचाची कपची जाळीतून खाली गेली. अख्खी बी एक वेळ दिसते तरी. कपची दिसतही नाही. शिवाय जॅममध्ये फळाच्या फोडी हव्या असतील तर गाळलेला गर उपयोगाचा नाही.

मिक्सरमध्ये फिरवून गाळण्याचा सल्ला तर कोणी दिला तरी मानू नये. चेरी, जर्दाळू, पीच यांच्या आठळीतल्या बीजात अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते. बी अख्खी गिळली गेली तर ती सहसा तशीच बाहेर पडते, पण बीज चिरडले की त्या द्रव्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटते. एखाद्या फुटक्या बीने कोणी दगावत नाही, हेही खरे. तरीही किलोभर बिया भरडून त्यांचा अंश खाण्यात जाऊ देण्याचे काहीच कारण नाही.

फ्रान्सच्या लिमुझँ भागात क्लाफुती नावाचा चेरीचा पदार्थ परंपरेने बियांसकट भाजतात आणि खाणारा बी तोंडातून काढतो. तेथे पानावर बसलेल्याला बी असणार हे ठाऊक असते. ताईच्या बाटलीवर बियांचा उल्लेख नव्हता, आणि खाणाऱ्या बाईंनी निर्धास्तपणे घास चावला होता.

इतर फळांना हे चालेल का?

चिमटा घ्यायचा ठरल्यावर साहजिकच हा प्रश्न आला, कारण ताई जुलैमध्ये आलुबुखाराची चटणी आणि पीचचा मुरंबाही करते. उत्तर नकारार्थी आहे. चेरीचा चिमटा ऑलिव्हला चालतो, त्यापुढे जात नाही. आलुबुखाराची आठळी चपटी असते आणि आपल्याकडे येणाऱ्या सांता रोझासारख्या जातींत ती गराला बऱ्यापैकी चिकटलेली असते. तिथे लहान धारदार सुरीने, आंब्याच्या फोडी कोयीवरून उतरवाव्यात तसा गर उतरवणे हाच मार्ग. पीचचे दोन प्रकार पडतात. हिमाचलातून येणारी जुलै एल्बर्टा सुट्या आठळीची. तिच्या अंगावरच्या शिवणीवरून सुरी फिरवून दोन्ही अर्धे उलटसुलट पिळले की फळ मोकळे होते आणि आठळी बोटाने उचलता येते. चिकट आठळीचे पीच पिळायला गेलो तर हातात लगदा येतो. ताजा जर्दाळू तर नुसत्या अंगठ्यांनी उकलतो. जांभळाला खरे म्हणजे दगडी आठळीच नाही, नुसती बी आहे. ती काढायला साधन शोधत बसण्यापेक्षा पिकलेली जांभळे स्टीलच्या चाळणीवर हाताने चोळावीत. आणि कैरीच्या लोणच्याला आपण कोय काढतच नाही, मोठ्या अडकित्त्याने कोयीसकट फोडतो. आठळीशी असा रोखठोक व्यवहार करणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

जाता जाता एक नोंद. आपल्याकडे केकवर आणि आइस्क्रीमवर जी लालभडक चेरी बसलेली असते, ती बहुधा चेरी नसतेच. ते बिया काढून, रंगवून साखरेच्या पाकात मुरवलेले करवंद असते. त्यामुळे "इतकी वर्षं खातोय, बी कधी लागली नाही," हा युक्तिवाद चेरीच्या जॅमबाबत पुढे करता येत नाही. तो रंजनाकाकूंनी केला होता.

अप्पेपात्र

चिमटा निवडला तरी शंभरात एक बी राहतेच, म्हणजे बाराशेंत बारा. हाताला धक्का जाणवतो हे खरे असले तरी दोन तासांनंतर काकूंचा हात थकतो, आणि थकलेल्या हाताच्या साक्षीवर बाटली बंद करणे ताईला मान्य नव्हते. म्हणून साधनाबरोबर मोजणीही ठरवावी लागली. मी आधी वजनाचा उपाय सुचवला होता. तो टिकला नाही, कारण बिया कमी-अधिक जड असतात, त्यांना गर चिकटलेला असतो आणि एका बीचा फरक त्यात सहज बुडून जातो.

तोडगा ताईने काढला. तिच्याकडे बारा खळग्यांची दोन अप्पेपात्रे आहेत. एकात प्रत्येक खळग्यात पाच याप्रमाणे साठ चेऱ्या मांडायच्या. चेऱ्या तासभर फ्रिजमध्ये ठेवून गार केलेल्या, म्हणजे गर घट्ट राहतो आणि रस कमी उडतो. काकू खोल पातेल्यात हात ठेवून चिमटा चालवतात, त्यामुळे भिंतीवर शिंतोडे जात नाहीत. बिया वाटीत जमतात आणि साठ चेऱ्या वेगळ्या वाडग्यात. मग ताई बिया दुसऱ्या अप्पेपात्रात पाच-पाच मांडते. शेवटच्या खळग्यात पाच भरल्या तर वाडगा लिंबाच्या रसात हलवून पातेल्यात जातो, कारण कापलेला गर हवेत काळपट पडतो. चार भरल्या तर तो वाडगा थांबतो आणि त्यातली प्रत्येक चेरी अंगठा व तर्जनीत चेपून पाहिली जाते. शोध साठांतच घ्यायचा असल्याने दोन मिनिटांत बी सापडते. बाराशेंच्या ढिगात ती कधीच सापडली नसती.

या पद्धतीने आठ किलोंना पावणेतीन तास लागले. गेल्या वर्षी यंत्राने दीड तास लागला होता. वाढलेला सव्वा तास ताईने किमतीत धरला आणि बाटली दहा रुपयांनी महाग केली. ज्यांच्या दाढेतले सिमेंट निघाले होते त्या बाईंना पहिली बाटली तिने स्वतः नेऊन दिली.

वीस वाडग्यांपैकी नऊ वाडगे थांबले. आठांत एकेक बी सापडली. नववा विचित्र होता : बिया एकसष्ट भरल्या. काकू म्हणाल्या, आधीच्या वाटीतली चिकटून राहिली असेल. ताईने वाटी पुसून दाखवली. मग उरलेल्या फळांत पाहताना मला एक जुळी चेरी दिसली, दोन फळे एका देठाशी पोटाला पोट लावून चिकटलेली, आणि दोघींच्या पोटात स्वतंत्र बी. तशीच एखादी त्या साठांत गेली असणार. ताईचा चेहरा उतरला, कारण तिच्या लगेच ध्यानात आले की आधी बरोबर साठ भरलेल्या वाडग्यातही एखादी जुळी असू शकते, आणि तिच्या जादा बीने राहिलेली दुसरी बी झाकली गेली असू शकते. काश्मीरच्या बाजारात डबल नावाची जात आहे. तिचा या जुळ्यांशी काही संबंध नाही, हे मी तिला सांगू लागलो, पण ती ऐकत नव्हती. तिने गॅस बंद केला, पातेल्यातली सगळी चेरी परातीत पसरली, आणि आम्ही तिघे साडेदहा वाजेपर्यंत एकेक चेरी चेपत बसलो. एक बी निघाली. आता जुळ्या चेऱ्या मांडतानाच वेगळ्या काढून सुरीने चिरल्या जातात.